जाड आवाजाचं पाणी

“गरम!” डोळ्यांवर टॉवेल बांधलेली प्रेरणा ओरडली.

“अगं, अजून बादलीचा तळसुद्धा झाकला नाही!” सिद्धनाथ वैतागला. “तू टॉवेलाखालून बघतेस!”

“मुळीच नाही! गरम पाण्याचा आवाज जाड येतो, भदभद. थंड पाणी बारीक वाजतं. ऐक की जरा!”

छोट्या प्रांजलनं हळूच एक नळ बंद करून दुसरा सोडला.

“आता थंड!”

“बरोब्बर! दादा हरला! दादा माती वाहणार!” प्रांजल बाथरूमभर नाचली.

पैज तशीच ठरली होती. हरणाऱ्यानं दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती वाहायची. सुट्टी लागताच प्रेरणा शिवऱ्याहून उत्रोलीला हनुमंतमामांकडे आली होती आणि यंदा तिघा आते-मामेभावंडांनी अंगणात तोरणा उभारायचा घाट घातला होता. मामांनी नुकताच स्लॅबवर सौर बंब बसवला होता. त्यामुळे बाथरूममध्ये आता दोन नळ होते, डावीकडचा गरम पाण्याचा, उजवीकडचा थंड. त्या नव्या नळांचंच तिघांना भारी कौतुक!

दुपारपर्यंत तोरण्याच्या दोन्ही माच्या उभ्या राहिल्या. मदतीला मामांचा धाकटा, तीन वर्षांचा माऊलीही होता. मदत म्हणजे काय, तर त्यानं बुरूज तुडवला आणि केसांपासून पायापर्यंत चिखलात लोळून घेतलं.

“अरे देवा! ह्यो पोरगा हाय का म्हसरू?” रत्नामामींनी त्याला उचललं. “चल, धुऊन काढते. ऊन हाय, गार पान्यानंच धुते.”

मामी त्याला घेऊन आत गेल्या. किल्ल्यावर रोवायला झेंडूची फुलं आणायला प्रेरणा त्यांच्या पाठोपाठ घरात शिरली. बाथरूमवरून पुढं जाता जाता ती थबकली.

आतून भदभद आवाज येत होता. जाड!

मामी तर गार पाण्यानं धुणार होत्या. प्रेरणानं दारातून डोकावलं. मामींचा हात उजवीकडच्या, थंड पाण्याच्या नळावर होता. वाफेचा मागमूस नव्हता. माऊली एका पायावर उभा राहून दुसरा पाय धारेखाली धरायला निघाला होता.

आपलं चुकत तर नसेल? पण विचार करत बसायला वेळ कुठं होता!

“मामी, थांबा! माऊली, नको!” प्रेरणानं झेप घेतली आणि त्याला दंडाला धरून मागं ओढलं. दोघंही धपकन खाली बसले. माऊलीनं भोकाड पसरलं.

“अगं, काय हे! गारच हाय पानी!” म्हणत मामींनी बोट धारेला लावलं, आणि चटका बसल्यासारखा हात झटकला. “आई गं! ह्ये तर कढत हाय!”

त्यांनी नळ बंद केला आणि माऊलीचा पाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला. चिखलाशिवाय त्याला काही लागलेलं नव्हतं. मग त्यांनी त्या चिखलासकट दोन्ही पोरांना पोटाशी धरलं.

“तुला कळलं कसं गं, बाय?”

“आवाज जाड होता, मामी.”

मामींनी प्रेरणाच्या डाव्या कानावर हात ठेवला. दोन वर्षांपूर्वी तो कान फुटून वाहू लागला होता. वर्गात बाई बोलायच्या ते कापसातून आल्यासारखं ऐकू यायचं. प्रेरणाचे वडील गावात नव्हते, आई आजारी, तेव्हा याच मामा-मामींनी तिला इथं आणून ठेवलं होतं. मामा तिला एस.टी.नं भोरच्या दवाखान्यात न्यायचे आणि मामी मांडीवर डोकं घेऊन कानात थेंब टाकायच्या. कान बरा झाला आणि तेव्हापासून प्रेरणाला साधा कडीचा आवाजसुद्धा गोड वाटू लागला. ती उगाच काहीतरी ऐकत बसायची आणि सिद्धनाथ तिला चिडवायचा.

आज मात्र तो चिडवत नव्हता. दारात उभा राहून तो म्हणाला, “पण थंड नळाला गरम पाणी आलंच कुठून?”

“शोधायचं!” प्रेरणा म्हणाली. “पण कुणीही पाण्याला हात लावायचा नाही. नुसत्या कानांनी शोधायचं.”

तीच बादली घेऊन तिघं घरभर फिरले. स्वयंपाकघरातल्या थंड नळाचा आवाज बारीक होता. बाथरूममधला जाड. मागच्या दारी धुणं धुवायच्या कट्ट्यापाशी एक नळ होता. त्याला दोन्हीकडून पाणी मिसळून यायचं आणि त्यासाठी मागं दोन चाव्या होत्या, एक गरमची, एक थंडची. तो नळ सोडला आणि प्रेरणानं मान डोलावली. “हाही जाड!”

प्रांजल वाकून बघू लागली. “दादा, दोन्ही चाव्या उघड्याच आहेत की!”

सिद्धनाथचे कान लाल झाले. “सकाळी मी उघडल्या. चिखल कालवायला कोमट पाणी हवं होतं. नंतर फक्त पुढचा नळ बंद केला.”

“म्हणजे गरम पाण्याला पुढं जायला वाट नव्हती,” प्रेरणा विचार करत म्हणाली, “आणि मागं थंड पाण्याचा पाइप उघडा होता!”

“सौर बंबाची टाकी उंचावर आहे! तिचा जोर जास्त!” सिद्धनाथ उडालाच. “गरम पाणी उलटं थंड पाइपात शिरलं आणि बाथरूमच्या नळाला आलं!”

त्यानं गरमची चावी बंद केली. बाथरूममधल्या थंड नळाची धार थोडा वेळ भदभदली आणि मग हळूहळू बारीक वाजू लागली. चावी पुन्हा उघडली, तर पुन्हा जाड!

“सापडलं!” तिघंही एकदम किंचाळले.

आवाज का बदलतो ते विचारायला सिद्धनाथनं विज्ञानाच्या कुमार सरांना मोबाईल लावला. सर खूश झाले. “पाणी पडताना हवा आत ओढून घेतं, तिचे बुडबुडे होतात. आवाज बराचसा त्या बुडबुड्यांचा असतो. गरम पाणी थंडपेक्षा पातळ असतं, त्यात मोठे बुडबुडे जास्त होतात. मोठ्या ढोलाचा आवाज जाड असतो ना, तसंच हे. शास्त्रज्ञ अजूनही यावर अभ्यास करताहेत बरं का!”

संध्याकाळी मामा शेतावरून आले. सगळं ऐकून त्यांनी नळाचं काम केलेल्या ज्ञानूकाकांना फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. “अवो हनुमंतराव, दुपारच्या उन्हानं पाइप तापला आसंल! पोरांचं काय ऐकता? म्या लई घरं केली अशी!”

“बरं, सकाळच्याला येऊन तरी जावा,” मामा म्हणाले.

फोन ठेवल्यावर सिद्धनाथ धुसफुसला. “ते आपलं ऐकणारच नाहीत.”

“मग आपण बोलायचंच नाही,” प्रेरणा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “सकाळी कुठं ऊन असतं? आणि खोबरेल तेल कसं असतं सकाळी?”

“गोठलेलं!” प्रांजलनं टाळी वाजवली.

सकाळी चांगलीच थंडी होती. ज्ञानूकाका मफलर गुंडाळून आले. प्रेरणानं त्यांना बाटली दाखवली. आत तेलाचा पांढराशुभ्र गठ्ठा होता.

“काका, हे तेल थंड पाण्यात वितळेल का?”

“खुळी का काय! गार पान्यात त्याल कसं इतळंल?”

“आणि पाइपावर आत्ता ऊन आहे का?”

“ऊन? अजून सूर्य डोंगराआड हाय, पोरी!”

सिद्धनाथनं मागच्या कट्ट्याच्या दोन्ही चाव्या उघडल्या. बाटली बादलीत ठेवून प्रेरणानं बाथरूममधला थंड पाण्याचा नळ सोडला. आधी आवाज बारीक होता. मग बदलला. भदभद, भदभद! थंडीत वाफ उसळली आणि बाटलीतला पांढरा गठ्ठा कडेनं सुटून बघता बघता गरगर फिरू लागला.

ज्ञानूकाकांचं हसू मावळलं. “चाव्या कुनी उघड्या ठेवल्या? पोरांचीच चूक हाय!”

“मी ठेवल्या, चुकलंच माझं,” सिद्धनाथ म्हणाला. “पण काका, चावी तर कुणीही उघडी ठेवेल! पाणी उलटं जाऊ नये म्हणून काहीच नसतं का?”

“आसती. एकाच बाजूला उघडनारी झडप आसती,” काका पुटपुटले. मामा तडक पडवीत गेले आणि उरलेल्या सामानाच्या पोत्यातून दोन पितळी झडपा घेऊन आले. अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होत्या!

“नंतर बशिवतो म्हनला व्हता न्हवं?” मामांचा आवाज चढला. “माझं लेकरू भाजलं आसतं, ज्ञानू!”

ज्ञानूकाकांनी मफलर काढला. “चुकलं माझं. कामाच्या घाईत ऱ्हाऊन गेलं.” लगेच ते पाना घेऊन बसले आणि झडपा बसवूनच उठले. उठता उठता मात्र त्यांचा चेहरा उतरला. “हनुमंतराव, सखूबाईच्या घरी बी म्या असंच ठेवलंय. अन् त्यांची लेक बाळंतपनाला आलीय!”

“मग इथं काय करताय? चला!” प्रेरणा केव्हाच फाटकाबाहेर पडली होती.

सखूबाईंच्या घरी बाळाच्या आंघोळीची तयारी चालली होती. गरम पाण्यात विसण घालायला सखूबाईंनी थंड नळाखाली तांब्या धरला होता. धार पडू लागली आणि प्रेरणानं कान टवकारले.

“आजी, ते पाणी घेऊ नका! तेही गरमच आहे!”

सखूबाईंनी तांब्याला बाहेरून हात लावला आणि झटकन तो खाली ठेवला. तिथंही मागच्या नळाच्या दोन्ही चाव्या उघड्याच राहिल्या होत्या. ज्ञानूकाकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं आणि बाळाची आंघोळ होण्याआधी तिथल्याही झडपा बसवून दिल्या.

मामांनी तिन्ही पोरांच्या पाठीवर थाप मारली. “ऐकायला सगळ्यांनाच येतं, पन ध्यान देऊन ऐकलं ते तुमीच. शाबास रे पोरांनो!”

“तुम्ही मला एस.टी.तून न्यायचात ना मामा, म्हणून,” प्रेरणा हळूच म्हणाली. मामांनी उगाचच खाकरून तोंड फिरवलं.

एवढ्यात न्हाऊमाखू घातलेलं, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन सखूबाई बाहेर आल्या. त्यांनी ते अलगद प्रेरणाच्या मांडीवर ठेवलं.

“बारशाला यायचं बरं का, बाय,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पन आत्याच्या पाठोपाठ ह्येच्या कानात नाव तू बी सांगायचंस!”