उखर्डूची हाळी

बसा, गच्चीच्या या बाजूला बसा. तिकडे वारा लागतो. भूमिका, तो मोबाइल उलटा ठेव बेटा, उजेड डोळ्यावर येतो. तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. एरवी मी ही गोष्ट काढत नाही, कारण ज्याच्या बाबतीत ती घडली तो रोज सकाळी माझ्याच ओट्यावर दुकान उघडतो. कॅमेरे, इंटरनेट, असल्या कामांचा आपला तेजस. त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

१८ जानेवारी २०२४, गुरुवार. रात्री साडेनऊला तेजस वरणगावातून मोटरसायकलवर निघाला. पिशवीत चार्ज केलेली बॅटरी आणि लॅपटॉप, अंगात दोन स्वेटर. गिरधरभाऊंच्या केळीच्या बागेतलं यंत्र अवेळी वाजायला लागलं होतं. ते नीट करायचं आणि अकरापर्यंत घरी यायचं, एवढंच काम.

यंत्र काय, ते आधी ऐका. आपल्याकडे नव्या लागणीत रानडुकरं शिरतात. कंद उकरून खातात, एका रात्रीत दोनशे रोपं आडवी. म्हणून तेजसनं बागेतल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत पंजाएवढा कॉम्प्युटर बसवला होता आणि बाहेर खांबावर भोंगा. गिरधरभाऊंच्या घराच्या गच्चीवरून बागेपर्यंत बिनतारी नेट नेलं होतं. त्या छोट्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम चालायचा. दिसायचा नाही, मागच्या मागे चालू असायचा. घरच्या कॉम्प्युटरवरून नेटनं आवाज आला की झेलायचा आणि भोंग्यातून सोडायचा. एकच आवाज रोज वाजवला तर डुकरं चार दिवसांत ओळखतात, म्हणून घरून रोज वेगळे आवाज, वेगळ्या वेळी. बॅटरी जोडली की प्रोग्रामनं आपोआप सुरू व्हायचं, आणि फक्त घरच्या कॉम्प्युटरच्या पत्त्यावरून आलेलाच आवाज घ्यायचा. दुसऱ्या कुणाचाही आला तर घ्यायचा नाही. असं तेजसनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं.

आणि आवाज होता उखर्डूचा.

उखर्डू म्हणजे गिरधरभाऊंचा राखणदार. आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं. एकोणीस वर्षं तो त्याच मोटारीच्या खोलीत राहिला. त्याची हाळी रात्री नदीपर्यंत जायची. फटाक्याला न भिणारं डुक्कर त्याच्या आवाजाला पळायचं.

दिवाळीच्या आधी गिरधरभाऊंनी त्याला तेजसच्या दुकानात पाठवलं, आवाज भरून घ्यायला. म्हातारा अंघोळ करून, डोक्याला तेल लावून आला. फोटोही निघणार का, म्हणून त्यानं विचारलं. दोन दिवसांत चाळीस हाळ्या दिल्या. घसा बसला तर गरम पाणी पिऊन पुन्हा दिल्या. आपण तापानं पडलो की त्या रात्री यंत्र आपलं काम करील, अशी त्याची समजूत. बागेत यंत्र लावताना तो तेजसच्या शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"याले झोप नाही लागत का रे?"

तेजस म्हणाला, नाही लागत, हा कायम जागाच.

"मंग बरं हाय. दोघं जागू."

तेजसला माहीत होतं. आवाज भरून झाला की पहिल्या तारखेपासून म्हाताऱ्याला घरी पाठवायचं, हे गिरधरभाऊंनी त्याला आधीच सांगितलं होतं. तेजस बोलला नाही. काम हातचं जाईल म्हणून म्हणा, नाहीतर तोंड उघडायचं धाडस झालं नाही म्हणून म्हणा. मलाही त्यानं हे फार उशिरा सांगितलं.

पहिल्या तारखेला उखर्डूला जायला सांगितलं. तो सोनगीरला बहिणीकडे गेला. तिचंच घर दोन खोल्यांचं, हा ओट्यावर झोपायचा. रात्री झोप यायची नाही. उठून हाळी द्यायचा, शेजारी ओरडायचे. डिसेंबरच्या थंडीत त्याच ओट्यावर वारला. गिरधरभाऊंना निरोप आला होता. कुणी गेलं नाही. त्या रात्रीही यंत्रानं ठरल्या वेळी हाळ्या दिल्या. मेलेला माणूस गिरधरभाऊंची केळी राखत होता आणि गिरधरभाऊ गोधडीत झोपले होते.

तर, त्या गुरुवारी तेजसनं बॅटरी बदलली, लॅपटॉप जोडला, प्रोग्राम तपासला. सगळं ठीक होतं. पुढची हाळी बाराची लावलेली. मध्येच अवेळी वाजतं का, ते बघायला तो थांबला.

साडेअकराला भोंगा वाजला.

तेजसनं गिरधरभाऊंना फोन लावून उठवलं. घरचा कॉम्प्युटर बंद करा, म्हणाला, प्लगच काढा. गिरधरभाऊंनी कुरकुरत काढला. फोनवरच सांगितलं, काढला म्हणून. आता आवाज पाठवणारं कुणीच नव्हतं. बारा वाजले. भोंगा गप्प. तेजसला वाटलं, दोष घरच्या कॉम्प्युटरचा. तरी खात्रीसाठी थांबला. खोलीतल्या उखर्डूच्या खाटेवर बसून राहिला.

अष्टमीचा चंद्र एकच्या सुमारास मावळला. मग अंधार. केळीची पानं वाऱ्यानं घासतात ना, तेवढाच आवाज. मग वाराही पडला.

एक चाळीस.

"हाऽऽऽ... हो... हो..."

तेजसनं लॅपटॉप ओढला. आवाज कुठून आला, त्याची नोंद प्रोग्राम ठेवतो. ओळीत वेळ, मग पत्ता. साडेअकराची ओळ होती. आत्ताची ओळही होती. वेळ बरोबर.

दोन्ही ओळींत पत्त्याची जागा कोरी होती.

त्यानं प्रोग्राम बंद केला. बंद झाला. पुन्हा बघितलं. बंदच होता.

भोंगा खरखरला.

"तेजस..."

या नावाची हाळी त्यानं भरलेली नव्हती. चाळीसही आवाज त्यानंच कापून, नंबर घालून ठेवले होते. त्याला पाठ होते. यात नाव नव्हतं. कुणाचंच नव्हतं...

तो हलला नाही.

"तुले माहीत व्हतं."

रागानं नाही, पोरांनो. विचारलंही नाही. नुसतं सांगितलं.

तेजसनं बॅटरीची वायर उपटली. हिरवा दिवा विझला. भोंगा मेला. अंधार... त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

मग लक्षात आलं. श्वास दोन आहेत.

खाटेच्या उशाशी. भोंग्यातून नाही. अगदी हळू.

"झोप तू... मी जागा हाय."

...

लॅपटॉप तिथंच राहिला. मोटरसायकलही. तीन किलोमीटर तो पळत आला आणि माझ्या दारावर थाप दिली. पायात चप्पल नव्हती.

सकाळी मी त्याच्याबरोबर बागेत गेलो. यंत्र, भोंगा, तारा, सगळं उतरवून आणलं. गिरधरभाऊंना त्यानं झालं ते सांगितलं. ते म्हणाले, वायर लूज असेल. तीन दिवस तेजस तापानं पडला. उठला तो थेट सोनगीरला गेला. उखर्डूच्या बहिणीसमोर बसला आणि आपल्याला काय माहीत होतं ते बोलला. तिनं ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या पुढे केला. तो परत आला. बस.

त्यानंतर गिरधरभाऊंनी नवा राखणदार ठेवला नाही. नवं यंत्रही नाही. गरजच पडली नाही. दोन वर्षं झाली. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लागण डुकरं दर हंगामाला उकरतात. गिरधरभाऊ पारावर सांगतात, आमचं नशीब.

मी मागच्या आठवड्यात सकाळी तिकडून आलो. रात्री ठिबकचं पाणी झालेलं, माती ओली. शेजारच्या बागेतून खुरांचे ठसे आले होते, पंधरा-वीस डुकरांचे, लहान-मोठे. सरळ गिरधरभाऊंच्या बांधापर्यंत. तिथं सगळे ठसे एका रांगेत थांबलेले. आणि तिथूनच, एकही आत न येता, मागे पळालेले.