आगरदांड्याचं हिम

धुकं इतकं दाट होतं, की दिघीच्या धक्क्यावरून खाडीपलीकडचा आगरदांडा सोडाच, पायऱ्यांशी बांधलेली होडीसुद्धा दिसेना! पण केसरआत्याचं एकच — "आज जायचं म्हणजे जायचं."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी विधवा झाली, शिकली आणि तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. एकोणीसशे अठ्ठावन्न साली, दिवाळीच्या तोंडावर ती निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने मला सांगितलं, "राही, आता दर रविवारी एक नवं गाव. तुझी मॅट्रिकची परीक्षा असो नाहीतर आणखी काही, माझ्याबरोबर यायचं!" मी काय, एका पायावर तयार.

"धुकं उठंपर्यंत होडी सुटायची न्हाय, बाई. बसा."

मागे एक आजोबा उभे होते. पांढऱ्या मिशा, ताठ मान, खांद्याला सुताराची पिशवी. त्यांनी बाकावरचं दंव चक्क स्वतःच्या मफलरने पुसलं. आत्या बसली आणि धुक्याकडे बघत म्हणाली, "सगळं कसं पांढरं! मला ना, एकदा हिम बघायचंय गं."

"हिंव?" आजोबा गर्रकन वळले. "त्यात काय बघायचं? गेल्या भादव्यात मला भरलं व्हतं. खाट गदागदा हालत व्हती. तवा यायचं बघायला!"

मी फस्सकन हसले. आत्याने डोळे वटारले... आणि मग तीही हसली. मी तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं!

"अहो, थंडीतापाचं हिंव नव्हे. हिम! आभाळातून पडतो तो बर्फ."

"तसं व्हय! पण बोलावलं असतं तर आला असता का?"

"कडू कोयनेलचं औषध घेऊन आले असते."

"तुमच्या हातचं... घेतलं असतं की."

आत्या पदर सावरत दुसरीकडे बघू लागली. धुक्यातसुद्धा तिचे कान लाल झालेले मला दिसले.

ते दिनानाथ. मुंबईच्या गोदीत जहाजांचे सुतार होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. निवृत्तीनंतर आगरदांड्याला येऊन कोळ्यांचे मचवे दुरुस्त करत. पुढचे चार रविवार ते आम्हाला 'योगायोगाने' भेटले — मुरूडच्या वाळूत, माणगावच्या बाजारात... आणि तिसऱ्या रविवारी, जन्मभर पांढरं नेसणारी माझी आत्या हिरव्या काठाचं लुगडं नेसून निघाली!

तेवढ्यात नागपूरहून अनंताकाकांचं, आत्याच्या धाकट्या भावाचं, पत्र आलं. 'ताई, आता तू रिकामीच आहेस. मुलांना सांभाळायला कायमची ये. मंगळवारी न्यायला येतो.' आत्याने आजवर कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. गुपचूप ट्रंक भरली. मला इतका राग आला, की शेवटच्या रविवारी आगरदांड्याच्या धक्क्यावर पाय ठेवताच मी दिनानाथांना सगळं सांगून टाकलं.

तिथे मासळीसाठी लाँचने आलेला बर्फ उतरत होता. त्यातली एक लादी गोणपाटात गुंडाळून ते तडक निघाले, किनाऱ्यावर ओढलेल्या मचव्याशी गेले आणि शिडीने वर, कामासाठी बांधलेल्या फळ्यांवर चढले. दोन फळ्यांमध्ये रंधा उलटा बसवला.

"बाई, हितं खाली उभ्या ऱ्हा. वर बघा!"

खर्र... खर्र... रंध्यावरून लादी सरकली आणि पांढरा भुगा भुरुभुरु खाली आला! आत्याच्या केसांत, पापण्यांवर, हिरव्या काठावर. पंचावन्न वर्षांची माझी आत्या, दोन्ही हात पसरून गोल फिरली. सकाळच्या त्या गारठ्यात!

"पुरे हो! हात बघा तुमचे!"

गोणपाट कधीच घसरलं होतं. ते खाली उतरले तेव्हा बोटं बधिर, लालभडक. आत्याने ती आपल्या हातांत घेतली आणि चोळू लागली. नर्ससारखी... छे, नर्ससारखी मुळीच नाही!

"नागपूरला नका जाऊ," ते हळूच म्हणाले.

"कोण म्हणून थांबू?"

"माझी... माझी म्हणून. सगळ्यांम्होरं. रीतसर."

आत्याने हात सोडले नाहीत. तिने एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग मान ताठ केली.

"मग आधी दादाला, राहीच्या बाबांना, विचारायला या. तो ओरडेल. मी ऐकायची नाही."

परतताना होडीत ती मधेच म्हणाली, "राही, अनंताला तार करायची. मजकूर तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

मी वहीचं पान फाडलं. "काय लिहू?"

"लिही, येऊ नकोस. मी येत नाही. घरी लग्न आहे."

"आणि कुणाचं, असं काकांनी विचारलं तर?"

आत्याने वाऱ्यावर उडणारा पदर घट्ट खोचला.

"विचारेल कशाला? आत्ताच लिही — माझं."

मी लिहिलं. तारेत रेघ जात नाही हे मला ठाऊक होतं, तरी त्या शब्दाखाली दोन मारल्या.