सिरिल पिंचबेकचा शेवटचा कार्यक्रम

सिरिल पिंचबेकला मारायला थेल्मा गॅरड घरातून निघाली, तेव्हा तिचं दुपारचं जेवण नुकतंच उरकलं होतं. तिने भांडी धुतली, मांजराला माशाचं डोकं घातलं, गळ्याभोवती लोकरी रुमाल गुंडाळला आणि मरणाची पानं पिशवीत टाकून ती बसथांब्यावर येऊन उभी राहिली.

नोव्हेंबरचे दिवस. समुद्रावरून धुकं वर आलं होतं आणि मार्शबी गाव त्यात गळ्यापर्यंत बुडालं होतं. बस आली ती आधी नुसती आवाजानेच आली.

चालकाने तिला ओळखलं.

"बाई, खरंच मारणार का हो त्याला?"

"कुणाला?"

"आता वेड पांघरू नका. आमच्या सिरिलला."

"अरे, तो कधी नव्हताच. मीच लिहिलाय तो."

"असेल," चालक काचेबाहेर बघत म्हणाला. "पण माझी बायको गेली त्या हिवाळ्यात घरात रोज बोलायला तोच यायचा. तुम्ही नाही आलात."

थेल्मा मागच्या बाकावर जाऊन बसली आणि पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली.

सिरिल पिंचबेक म्हणजे मार्शबी रेडिओवरचा निवेदक. निवेदकाचं सोंग, असं म्हणा हवं तर. रोज संध्याकाळी चारला तो यायचा. फुशारका, चिडका, स्वतःच्या आवाजावर लट्टू, आणि बहुतेक वेळा साफ चुकलेला. एकदा त्याने छातीठोक सांगितलं होतं की आज भरती येणार नाही. भरती आली, पार बाजारपेठेपर्यंत आली. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने जाहीर केलं की भरती आली होती हे खरं, पण ती त्याची परवानगी न घेता आली होती. कुणी फोन करून चूक दाखवली की तो गरजायचा, "मध्ये बोलू नका, अजून माझं चाललंय!" गावातली पोरंसोरं हे वाक्य आईबापांच्या तोंडावर फेकायची. मासळीचा कारखाना बंद पडला, रेल्वे बंद पडली, अर्धं गाव पोटामागे दूर गेलं. सिरिल मात्र नगरपालिकेने हलवलेल्या एका बाकासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिला. तो कधी जिंकला नाही. पण त्याने मानही कधी खाली घातली नाही.

त्याचे शब्द थेल्माचे आणि आवाज लेनर्ड स्किपवर्थ नावाच्या नटाचा. लेन स्वभावाने अगदी मवाळ. दुकानात उरलेले पैसे कमी मिळाले तरी "असू दे" म्हणून निघून येणारा. तो त्याच वर्षी वसंतात वारला. तेव्हापासून रेडिओवर जुने कार्यक्रम वाजत होते. आता लंडनच्या एका कंपनीने रेडिओ स्टेशन विकत घेतलं होतं. सोमवारपासून सगळी गाणी लंडनहून येणार होती. कंपनीचा निरोप असा होता की पिंचबेकला एकदा रीतसर मारून टाका, म्हणजे लोक विचारायचे थांबतील. थेल्मा तीन रात्री झोपली नाही. मग तिने ठरवलं, परक्याच्या हातून जाण्यापेक्षा तो माझ्याच हातून जाऊ दे.

स्टेशन बंदरावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात होतं, अगदी वरच्या मजल्यावर. खाली अंधार, ओल, आणि भिंतीत मुरलेला मासळीचा वास. थेल्मा कठड्याला धरून वर चढू लागली. अर्ध्या जिन्यावर तिला दुसरा वास आला. बडीशेपेच्या गोळ्यांचा. गोड आणि उग्र.

ती तिथेच थांबली.

बडीशेपेच्या गोळ्या सिरिल चघळायचा. म्हणजे कागदावर. गोळी दाढेवर फुटल्याचा आवाज लेन जिभेने काढायचा, कारण त्या वासाने त्याला मळमळायचं. या जिन्यात बडीशेपेची गोळी कधी आलीच नव्हती.

मग वरच्या अंधारात पावलं वाजली. एक नीट, एक ओढल्यासारखं. एक नीट, एक ओढल्यासारखं... सिरिलचा डावा गुडघा तिनेच अधू केला होता, एका जत्रेच्या भागात, नुसत्या हशासाठी.

"कोण आहे?" तिने हळूच विचारलं.

पावलं थांबली.

वर स्टुडिओत हेझल ड्रूरी एकटीच होती. ती व्यवस्थापक. पण बाकी सगळ्यांना नारळ मिळाल्यामुळे यंत्रंही तीच चालवायची आणि चहाही तीच करायची.

"थेल्माबाई, या. केवढ्या पांढऱ्या पडलात हो!"

"वर कुणी चालत होतं का?"

"मी खुर्चीतून हललेले नाही. आणि डॉमिनिक आत बसलाय कधीचा."

काचेपलीकडच्या खोलीत डॉमिनिक टल बसला होता. लेस्टरहून आणलेला नकलाकार. पंचविशीचा, हसरा, लेनचा आवाज हुबेहूब काढणारा. थेल्माने त्याला पानं नेऊन दिली.

"छान मारलंय तुम्ही," तो चाळून म्हणाला. "बोलता बोलता खुर्चीतच डोळे मिटतो. माझ्या आजीला रडू येईल बघा."

चार वाजले. सुरुवातीचं संगीत झालं आणि डॉमिनिकने सिरिलचा पहिला नमस्कार ठोकला. थेल्माच्या अंगावर काटा आला, इतका तो लेन होता. बाकाचं भांडण झालं, हवामान झालं, सगळं सुरळीत चाललं. बाहेर खिडकीला धुकं चिकटलं होतं आणि बंदरावरचे दिवे त्यात विझल्यासारखे दिसत होते.

डॉमिनिकने शेवटचं पान उलटलं.

"श्रोतेहो," तो वाचू लागला, "आज मला जरा थकल्यासारखं वाटतंय. आता..."

आवाज तुटला. हेडफोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला, जाड, चिडलेला. मग दाढेखाली काहीतरी कडकन फुटलं.

"थकल्यासारखं? हे कुणी लिहिलंय?"

हेझल चपापली. "हे पानात नाहीये ना?"

"नाही."

"मग हा काय बडबडतोय?"

"तो बोलत नाहीये, हेझल..." थेल्माने काचेकडे बोट दाखवलं. "त्याच्या तोंडाकडे बघ."

डॉमिनिकचे ओठ मिटलेले होते. त्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते आणि तो समोर बघत होता. फक्त समोर. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं नाही असं कुणी बजावून ठेवल्यासारखा.

"पंचवीस वर्षं या गावाशी भांडलो," आवाज म्हणाला, "आणि तुम्ही मला डुलकीत मारता? मी काय म्हातारा बोका आहे?"

हेझलने आवाजाची कळ खाली ओढली. आवाज दाखवणारा काटा खाली आला नाही. तिने मुख्य बटण बंद केलं. काटा तसाच नाचत राहिला. आणि फोनचे दिवे लागले, एक, मग दुसरा, मग सगळी रांग. हेझलने कुठलाच उचलला नाही, तरी एक फोन आपोआप जोडला गेला.

"सिरिल?" वृद्धाश्रमातल्या कुणा बाईंचा कापरा आवाज. "आम्ही सगळ्या बसलोय इथे. तुम्ही मरताय का हो?"

"बाई, मध्ये बोलू नका. अजून माझं चाललंय!"

पलीकडे म्हाताऱ्यांचं हसू फुटलं. खोकत, धापा टाकत, रडत रडत फुटलेलं हसू. थेल्माने तसं हसू कधी ऐकलं नव्हतं.

हेझलच्या खिशातला फोन वाजला. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "लंडनहून. म्हणतायत, भिंतीवरची मोठी कळ ओढा आणि अख्ख्या मजल्याची वीज तोडा."

ती उठली. थेल्मा तिच्याआधी कळीपाशी जाऊन उभी राहिली.

"बाजूला व्हा, थेल्माबाई."

"नाही होणार."

"माझी नोकरी जाईल!"

"सोमवारी तशीही जाणारच आहे तुझी. निदान हसत जाऊ दे."

 मग थेल्माने काचेचं दार उघडलं आणि ती आत गेली. बडीशेपेच्या वासाने तिचा श्वास कोंडला. इतक्या वर्षांत ती माइकसमोर कधी बसली नव्हती. ती डॉमिनिकच्या मागे उभी राहिली आणि तिने माइक आपल्याकडे वळवला.

"लेन?" ती कुजबुजली. "लेन, तू आहेस का रे?"

"लेन गेला," आवाज जरा हळुवार झाला. "वाईट झालं. सज्जन माणूस. पण तो गेला म्हणून मी का जायचं?"

"तू... तू कुणीच नाहीस, सिरिल. तुला जन्म नाही, घर नाही, आई नाही."

"आई आहे की. लाउथला राहते. पोपट पाळलाय. तूच दिलीस."

शेजारच्या रिकाम्या खुर्चीची गादी हळूहळू दबली, जणू कुणी अंग पुढे झुकवलं.

"थेल्मा, खरं सांग. ते शेवटचं पान तुला आवडलं होतं?"

तिने काचेपलीकडे पाहिलं. हेझल भिंतीवरच्या कळीवर हात ठेवून उभी होती. कळ ओढत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"नाही," थेल्मा म्हणाली. "मुळीच नाही आवडलं." तिने डॉमिनिकच्या हाताखालचं पान ओढून घेतलं, माइकसमोर धरलं आणि टराटरा फाडलं. तो आवाज साऱ्या मार्शबीने ऐकला.

"शाब्बास," तो म्हणाला. "आता नीट लिही. उद्या चारला मला बोलायचंय."

डॉमिनिकने पुढे कधी नकला केल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्याला जिन्यावरून उतरवताना त्याने एवढंच विचारलं, "शेजारी बसले होते, त्यांचे हात इतके गार का होते?"

सोमवारी लंडनची गाणी सुरू झाली. पण चार वाजले की मार्शबीत गाणं मध्येच बुडायचं आणि सिरिल सुरू व्हायचा. कंपनीने माणसं पाठवली, यंत्रं उघडून पाहिली, शेवटी टेकडीवरचा प्रक्षेपणाचा मनोरा उतरवला. तरी तो येतच राहिला. लंडनवाले म्हणायचे, असं काही होतच नाही. गावानेही मग त्यांना सांगणं सोडून दिलं. आपोआप ठरून गेलं: खाटकाने, औषधवाल्याने, वृद्धाश्रमाने चारला रेडिओ मोठा लावायचा, आणि गावात परका कुणी आला तर गाण्यांचीच चर्चा करायची. बसचालक थांब्यावर बस उभी करून तासभर ऐकायचा. प्रवासी कुरकुरले नाहीत.

थेल्मा रोज सकाळी लिहायची आणि पानं ओट्यावर ठेवायची. चारला सिरिल ती शब्दन् शब्द बोलायचा. कसा, ते तिने विचारलं नाही. ती म्हातारी होत चालली होती, पण ताठ चालायची. तिच्या मुलीने बाथ शहरातून फोन करून आपल्याकडे राहायला बोलावलं, तेव्हा तिने साफ नकार दिला.

मग फेब्रुवारीत ती तापाने पडली. दिवसभर तिने कागदाला हात लावला नाही. चार वाजता तिने अंथरुणातूनच रेडिओ लावला. आज तो गप्प असेल, असं तिला वाटलं होतं.

तो गप्प नव्हता. तो मजेत होता. पोपटाविषयी सांगत होता, आणि त्यातलं एक अक्षर तिने लिहिलेलं नव्हतं. मग त्याने फोन घेतला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी थेल्मा," एका बाईचा आवाज आला.

तो तिचाच आवाज होता. थोडा थकलेला, पण निवांत. अंथरुणात बसलेल्या थेल्माचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"अगं बाई, आलीस का?" सिरिल प्रेमाने म्हणाला. "प्रवास कसा झाला?"

"बरा झाला. इथे बाकी छान उबदार आहे."

थेल्माचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.  तिने पांघरूण फेकलं, भिंतीला धरून उभी राहिली, आणि आवाज बंद करण्याऐवजी तिने तो होईल तेवढा वाढवला.

"मी अजून इथेच आहे," ती रेडिओच्या तोंडावर म्हणाली. "माझ्या घरात. माझ्या पायांवर. ऐकू येतंय का, सिरिल?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सिरिल पिंचबेक बोलायचा थांबला. रेडिओतून खरखरसुद्धा येत नव्हती. फक्त रेडिओपलीकडे बसलेली दोन माणसं, सिरिल आणि तिच्याच आवाजाची ती बाई, श्वास रोखून तिचं ऐकत होती.