पाळकसाहेबांचं माप

माझ्या हातून माप चुकत नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, आहेच ती. आमच्या रस्त्यावर किती शिंपी आले आणि दुकानाला कुलूप लावून निघून गेले. मी मात्र वडिलांच्याच टेबलावर, त्यांच्याच जड कात्रीने अजून कापड बेततोय.

आम्ही माप वहीत लिहीत नाही. आकडे लिहिताना माणूस सहाचे नऊ करतो, असं वडील म्हणायचे. आम्ही कापडाची किनार फाडून तिची लांब पट्टी करतो, कारण किनार ताणली तरी वाढत नाही. छाती, खांदा, बाही, उंची, एकेका मापाला त्या पट्टीवर कात्रीची एकेक खाच. एका माणसाची एक पट्टी. मशिनमागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा आहेत, त्यांवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या पट्ट्या लटकत असतात. कुणी वारलं की त्याची पट्टी उतरवून घरच्यांच्या हातात द्यायची आणि ‘सांभाळून ठेवा’ एवढंच म्हणायचं, ही वडिलांची शिकवण. बायका ती पट्टी बोटांभोवती गुंडाळतात आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून देतात. जिवंत माणसाची पट्टी मी कुणाला दिलेली नाही.

रस्त्याच्या टोकाला आमचं चर्च आहे. दगडी, बुटकं, आणि छपराच्या गळतीची चर्चा मी जन्मल्यापासून चालू. तिथल्या पाळकांचे झगे आमच्याच दुकानातून जातात. जुने पाळकसाहेब इतकी वर्षं होते की निम्म्या मंडळीची नावं त्यांनीच ठेवली. बुटके, ओघळत्या खांद्याचे. डावा खांदा तर इतका खाली की मी झग्यात त्या बाजूला कापसाची गादी भरायचो. झगा घ्यायला आले की दारातूनच विचारायचे, “काय उस्ताद, पोटाला जागा ठेवलीत ना?” उस्ताद ते मला एकटेच म्हणायचे, आणि तेही दुकानात दुसरं कुणी नसताना. मग आम्ही दोघं हसायचो. दर वेळी तोच विनोद आणि दर वेळी तेच हसू.

ते गेले तेव्हा घरचं असं त्यांना कुणी नव्हतं. म्हणून पेटीचं झाकण लावण्याआधी मीच त्यांची पट्टी त्यांच्या झग्याच्या आतल्या खिशात सरकवली. स्वतःच्या हाताने. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे माझी सूनच मला विचारणार होती की बाबा, पट्ट्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?

नवे पाळक आले ते स्वतःचं कपाट स्वतःच पाठीवर घेऊन. उंच, रुंद छातीचे, डावरे, आणि हसले की चर्चच्या आवारातून माझ्या दुकानापर्यंत ऐकू येणारे. आल्या आल्या त्यांनी बाकांच्या रांगा मोडून अर्धगोल केला. “एकमेकांच्या पाठी बघून कसली प्रार्थना होते?” म्हणाले. मंडळीने माना डोलावल्या आणि घरी जाऊन नाकं मुरडली.

चर्च कमिटीच्या सेक्रेटरी म्हणजे आमच्या मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण छडी काही सुटली नाही. त्या दुकानात आल्या आणि स्टुलावर न बसताच बोलल्या. “स्वागताच्या उपासनेत मंडळीतर्फे नवा झगा द्यायचाय. साहेबांचा होता तसाच.”

“रंग, बटणं, कॉलर, सगळं तसंच,” मी म्हणालो.

“तसाच,” त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही थोडे आलेच.

मापाला नवे पाळक बायकोला घेऊन आले. वहिनी माझ्या सुनेच्याच वयाच्या, हसऱ्या. “मास्टर, जरा ढगळ ठेवा,” ते म्हणाले, “मला हातवारे करत बोलायची सवय आहे.”

“अजिबात नको,” वहिनी म्हणाल्या. “घरातली एक फुलदाणी उरली नाही यांच्यामुळे.”

मी नवी किनार फाडली आणि खाचा मारल्या. खांदे एकदम सरळ, हँगरला टांगल्यासारखे. अशा अंगावर शिवायला मजा येते. पट्टी पहिल्या रांगेतल्या खिळ्यावर लावली.

कच्च्या शिलाईवर झगा घालून बघितला आणि माझा चेहरा उतरला. बाह्या मनगटाच्या वर. छातीवर बटणं लागेनात. डाव्या खांद्याची शिवण ओघळलेली. नवे पाळक आरशासमोर हात पसरून म्हणाले, “मास्टर, हा माझ्या धाकट्या भावाचा आहे का?” वहिनी पोट धरून हसल्या. मीही हसलो, पण कान गरम झाले होते.

कापड आटलं असेल, सुनेने टाका आत घेतला असेल, असा सगळ्यांवर ठपका ठेवून झाला. सून माझ्याहून हुशार आहे. तिने एवढंच विचारलं, “बाबा, पट्ट्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?” उरलेल्या ताग्यातून दुसरा झगा बेतायला घेतला तेव्हा मात्र टेबलाशी येऊन उभी राहिली. खडूच्या प्रत्येक रेघेवर तिने पट्टी लावून बघितली. कापल्यावर प्रत्येक तुकड्याला पुन्हा लावली. खाचेला खाच जुळत होती. शिवताना ती मशिनशेजारून हलली नाही.

झगा हँगरवर चढला. तिने पट्टी बाहीला लावली आणि माझ्याकडे बघितलं. बाही आखूड होती. खांदा ओघळलेला होता. तिने टेबलाखाली वाकून जमिनीवरच्या चिंध्या चाचपल्या.

“बाबा, कापड गेलं कुठे?”

मी तिला म्हणालो, चहा टाक.

चहा तसाच ठेवून मी चर्चमध्ये गेलो. वेदीमागच्या खोलीत जुन्या झग्यांचं कपाट आहे. जुन्या पाळकसाहेबांच्या झग्यांमागे एक कसर लागलेला झगा होता, माझ्या वडिलांच्या हातचा, साहेबांच्याही आधीच्या पाळकांसाठी शिवलेला. मी तो खिडकीशी नेला. डाव्या खांद्यात कापसाची गादी होती. जुने साहेब तरुणपणी ओझी वाहायचे म्हणून त्यांचा खांदा खाली गेला, असं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. हा झगा त्यांचा नव्हता. वडील एक गोष्ट नेहमी म्हणायचे तीही तेव्हा आठवली: पाळकांचा झगा बसतोच, आपण फक्त थांबायचं. मला ते कारागिराचं धोरण वाटायचं. मी झगा घडी करून जागेवर ठेवला. एक खांदा थोडा खाली सगळ्यांचाच असतो, असं स्वतःला बजावलं आणि परत आलो.

तिसरा झगा शिवायला वेळ नव्हता. स्वागताच्या दिवशी दारात फुलं, मुलांचं गाणं, मागच्या टेबलावर केक. सगळ्या गावासमोर माझं नाक कापलं जाणार होतं. सून शेजारी बसली होती, तिने माझा हात धरला. मास्तरीणबाईंनी झगा उलगडून नव्या पाळकांच्या खांद्यांवर टाकला आणि मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

कुणी हसलं नाही.

मी वर बघितलं. बाह्या मनगटावर होत्या. बटणं एकेक करून लागली. माझ्या पुढच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. मास्तरीणबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि तोंडावर हात धरून म्हणाल्या, “अगदी आपले साहेब!” टाळ्या थांबेनात. सगळे माझ्याकडे वळून माना हलवत होते आणि मीही मिशीवरून बोट फिरवलं. शिंप्याला आणखी काय हवं असतं?

फक्त वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या डाव्या खांद्याकडे बघत होत्या.

त्यानंतर चर्चमध्ये सगळं सुरळीत झालं. बाकं पुन्हा रांगेत आली, पाळकांनी स्वतःच लावून घेतली. गाण्यांची चाल पूर्वीसारखी संथ झाली. उपासनेतला संदेश लांबला, आणि म्हातारी माणसं पूर्वीसारखी सुखाने पेंगू लागली. रविवारी मंडळी वाढली. आवारातून हसू ऐकू येईनासं झालं, पण पाळकाने काय सारखं हसत राहायचं असतं?

वहिनी नवऱ्याच्या पँट्स घेऊन आल्या. पायाला आखूड करायच्या होत्या. मग शर्ट घेऊन आल्या, बाह्या आखूड करायच्या होत्या. दोन्ही वेळा त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नंतर एका दुपारी त्या झगाच घेऊन आल्या. टेबलावर ठेवला. सून घरी जेवायला गेली होती.

“मास्टर, हा उसवा. त्यांच्या पट्टीप्रमाणे परत शिवा. पहिल्या मापाप्रमाणे.”

“अहो वहिनी, इतका छान बसलाय.”

“बसलाय तो झगा नाही.” त्या खालच्या आवाजात बोलत होत्या. “ते डावरे होते, मास्टर. काल उजव्या हाताने लिहीत होते. मी विचारलं तर म्हणाले, मी तर नेहमी याच हाताने लिहितो. घरात आमचे लग्नाचे फोटो आहेत. त्यांतला माणूस कोण, म्हणून ते हल्ली थांबून बघतात. मला माझा नवरा परत हवाय. बाकी काही नको.”

मी भिंतीवरून पट्टी काढली. झग्यावर ठेवली. उसवायचं ब्लेड हातात घेतलं. खांद्याची शिवण डोळ्यांसमोर होती, आणि खरं सांगतो, इतकी सुरेख शिवण माझ्या हातून आयुष्यात उतरली नव्हती. एक टाका इकडचा तिकडे नव्हता.

“बसलेलं काम आम्ही उसवत नाही,” मी म्हणालो. “वडिलांच्या वेळेपासूनचा नियम आहे. नव्या जागी माणूस बदलतोच, वहिनी. रुळतोय तो. तुम्ही चहा घेणार का?”

त्यांनी चहा घेतला नाही. झगा उचलला, मुलाला उचलावं तसा दोन्ही हातांवर घेतला, आणि गेल्या.

त्या परत आल्या त्या आज. दुकानासमोर ऊन होतं. सून बाजारात गेलेली. पाळक रस्त्याच्या पलीकडे सावलीत थांबले होते.

वहिनी टेबलापर्यंत आल्या आणि हात पुढे केला.

“त्यांची पट्टी द्या.”

“वहिनी, ती आम्ही माणूस गेल्यावर देतो.”

“माहीत आहे मला.”

हात तसाच होता.

मी पट्टी खिळ्यावरून उतरवली. लांब होती. त्या खांद्यांची, त्या बाह्यांची. त्यांच्या तळहातावर ठेवली आणि तोंडातून सवयीने शब्द गेले. “सांभाळून ठेवा.”

त्यांनी मान हलवली आणि बाहेर पडल्या.

पाळक रस्ता ओलांडून माझ्या दारात आले. ऊन पाठीमागे असल्यामुळे चेहरा दिसत नव्हता. खांदा दिसत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“काय उस्ताद,” ते म्हणाले, “पोटाला जागा ठेवलीत ना?”

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. इतक्या दिवसांनी मी हसलो, अगदी पूर्वीसारखा. तेही हसले.

त्यांच्या मागे, रस्त्यावर, वहिनी पट्टी बोटांभोवती गुंडाळत होत्या. मग त्यांनी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली.