कोरा फोन

नागपूरच्या स्पर्शविज्ञान प्रयोगशाळेत सिलिकॉनची बारा कृत्रिम बोटं फोनच्या बारा पडद्यांवर अखंड टकटक करत असत. एकेक बोट दिवसाला दोन लाख वेळा आपटे. संचालक डॉ. तसनीम काझी यांना त्या आवाजाची इतकी सवय होती की तो त्यांना ऐकूही येत नसे. पण त्या सकाळी त्यांनी सगळी बोटं थांबवायला लावली. टेबलाच्या दोन टोकांना बसलेली दोन माणसं एकमेकांचं ऐकणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. निदान आपल्याला तरी ते ऐकू यावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

एका टोकाला डॉ. कुमुद देवतळे होत्या. वय सहासष्ट. दशवर्ष कायद्याचा मसुदा त्यांनी लिहिला होता. पूर्वी लोक दोन-अडीच वर्षांत फोन बदलत. कायदा आल्यापासून चालता फोन दहा वर्षांच्या आत बदलता येत नव्हता. तो दुरुस्तीपलीकडे गेला किंवा हरवला तरच नवा मिळे. कायद्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि देवतळेबाईंचा फोन कायद्याएवढाच जुना होता.

दुसऱ्या टोकाला डॉ. शशांक बोकारे होते, फोन उत्पादकांच्या संघाचे सल्लागार. एकेकाळी दोघं एकाच कंपनीत, एकाच खोलीत काम करत. कायद्याचा मसुदा घेऊन देवतळेबाई कंपनीतून बाहेर पडल्या, तेव्हापासून ते फक्त सुनावण्यांमध्ये भेटत.

कायदा ठेवायचा की रद्द करायचा, याची शिफारस डॉ. काझी यांना दुपारी तीनपर्यंत मंत्रालयाला पाठवायची होती. रद्द म्हटलं की रद्द, असं मंत्र्यांनी जाहीरच करून टाकलं होतं.

"नऊ वर्षं एकच फोन," बोकारे म्हणाले. "मॅडम, लोक साडीसुद्धा इतकी वर्षं वापरत नाहीत."

"साडी जमिनीत पुरली तर कुजते. तुमचे फोन कुजत नाहीत," देवतळेबाई म्हणाल्या.

"माणसं कुजतात, त्याचं काय?" बोकारेंनी एक जाड फाइल टेबलावर सरकवली. "एकसष्ट रुग्ण. सगळ्यांना कंपवात. सगळ्यांचा फोन आठ वर्षांहून जुना. आणि सगळ्यांचं निदान सरासरी साडेतीन वर्षं उशिरा झालं. तुमच्या कायद्यामुळे."

"फोनमुळे कंपवात होतो?"

"होत नाही. लपतो. आणि तो कसा लपतो हे तुम्हाला माझ्याइतकंच चांगलं माहीत आहे, ताई."

'ताई' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की काझींनी मान वर केली.

"मला हे टिपणात साध्या शब्दांत लिहायचं आहे," त्या म्हणाल्या. "आधी स्पर्शसुधार म्हणजे काय ते सांगा. कोणीही सांगा, पण एकानेच."

बोकारेंनी हात पुढे करून 'आधी तुम्ही' असं दाखवलं. देवतळेबाईंनी तो हात न बघितल्यासारखं केलं, पण बोलल्या त्याच.

"कोणाचंही बोट अक्षराच्या नेमक्या मध्यावर पडत नाही. कोणाचं डावीकडे पडतं, कोणाचं खाली. फोन ते शिकतो आणि त्या अक्षराची अदृश्य हद्द बोटाच्या बाजूला सरकवतो. माणूस चुकीच्या जागी दाबतो, पण अक्षर बरोबर उमटतं. किती सरकवलं याची रोजची नोंद फोनमध्ये राहते. त्याला सुधारतक्ता म्हणतात."

"आणि आता पुढचं सांगा," बोकारे म्हणाले. "नाही सांगत? मग मी सांगतो. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी बोटाचा नेम ढळतो. रोज केसभर. फोनही रोज केसभर हद्द सरकवतो. माणसाला वाटतं, आपला हात तोच आहे. आता सगळं लिखाण फोनवर, सही अंगठ्याने. नेम तपासायला दुसरं काही राहिलंच नाही. फोन जितका जुना, तितका तो मालकाची चूक सफाईने झाकतो. मग एक दिवस फोन नाल्यात पडतो, नवा हातात येतो, आणि माणसाला एक ओळ लिहिता येत नाही. तेव्हा तो डॉक्टरकडे जातो. फाइलमधले दुसरे चाळीस रुग्ण बघा. त्यांचे फोन मध्येच हरवले किंवा फुटले. त्यांचं निदान वेळेवर झालं. फोन दर दोन वर्षांनी बदलू द्या, लोक वाचतील. एवढंच माझं म्हणणं आहे."

देवतळेबाई फाइलची पानं उलटत होत्या. काझी त्यांच्याकडे बघत होत्या. हा मुद्दा त्यांना आधी सुचला नसेल, हे काझींना खरं वाटेना. पण तसंच दिसत होतं.

"एकसष्ट म्हणजे फार थोडे," अखेर देवतळेबाई म्हणाल्या.

"बासष्टावा हवा?" बोकारेंनी पिशवीतून एक डबी काढली. "हा कोरा फोन. कारखान्यातून निघाला तसा. शब्दसुधार बंद, स्पर्शसुधार बंद. लिहून दाखवा."

"इथे माझी तपासणी चालू नाही."

"नऊ वर्षं साऱ्या राज्याला एकाच फोनला बांधून ठेवलंत. आता स्वतःच्या बोटांना घाबरून राहिल्या?"

काझी त्यांना थांबवणार होत्या, पण देवतळेबाईंनी डबी ओढून घेतली. काझींनी प्रयोगशाळेतला नेहमीचा शंभर अक्षरांचा मजकूर समोर ठेवला. ती एका गृहसंस्थेची सूचना होती: पाण्याची टाकी धुवायची आहे, नळ बंद ठेवा, वगैरे. निरोगी माणूस त्या वयात चार-पाच चुका करतो.

देवतळेबाई सावकाश लिहीत होत्या. दुसऱ्याच ओळीला त्या थांबल्या, बोट पुसलं, पुन्हा लिहू लागल्या. संपल्यावर त्यांनी फोन उलटा ठेवला. काझींनी तो सरळ केला आणि मोजलं. अकरा.

"अकरा," बोकारे म्हणाले. "लिहा, मॅडम. कायदा करणारी बाईच कायद्याची बळी."

"बोकारे सर, पुरे."

"नाही, त्यांना बोलू दे," देवतळेबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "तसनीम, माझा जुना फोन घे. त्यातला सुधारतक्ता उघड."

"तो सीलबंद असतो. कायद्याचं कलम चौदा. मालकालाही बघता येत नाही."

"कलम मीच लिहिलंय. कंपन्यांनी लोकांच्या बोटांवरून त्यांचे आजार शोधून विमावाल्यांना विकू नयेत, म्हणून. संशोधनासाठी सील तोडायचा अधिकार तुला आहे. तोड."

सील तुटायला दहा मिनिटं लागली. भिंतीवरच्या पडद्यावर नऊ वर्षांची रेघ उमटली. पहिली पाच वर्षं ती आडवी होती. मग एका मार्चमध्ये ती उचलली गेली आणि तिथून एकसारखी चढत गेली.

देवतळेबाई उठून पडद्याजवळ गेल्या आणि रेघ जिथे उचलली होती तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या. "हा दिवस फोनला माहीत होता. मला माहीत नव्हता, कारण तो मला कळू नये अशी व्यवस्था मीच केली. चूक आहे. माझी आहे. पण बोकारे, चूक फोन जुना असण्याची नाही. जुना होता म्हणूनच ही रेघ आहे. कलम चौदा बदला, मालकाला रेघ दाखवा, की रोगाचं निदान चार वर्षं आधी होईल. तुमच्या नाल्यात पडलेल्या फोनपेक्षाही आधी."

"आणि तोवर?" बोकारे म्हणाले. "लोकांनी स्वतःची रेघ वाचत बसायचं? त्यापेक्षा नवा फोन सोपा. हातात घेतला की कळतं."

काझी फाइल चाळत होत्या. त्यांनी एका पानावर पेन्सिल ठेवली.

"सर, या चाळीस जणांचे जुने फोन हरवलेले किंवा फुटलेले होते. म्हणजे त्यांना वारसा मिळाला नव्हता."

वारसा ही बोकारेंची कीर्ती होती. नवा फोन घेताना जुना त्याच्याशेजारी पाच मिनिटं ठेवायचा; छायाचित्रं, निरोप, सगळं इकडचं तिकडे जाई, आणि त्याबरोबर स्पर्शसुधारही. जुन्या फोनची सगळी सरकवासरकव हाच नव्याचा आरंभ ठरे. दुकानात उभ्या उभ्या माणूस लिहू लागे आणि त्याला फोन नवा वाटतच नसे. या एका सोयीसाठी बोकारेंना दोन पदकं मिळाली होती.

"नव्हता," बोकारे म्हणाले. "त्यानं काय फरक पडतो?"

"कायदा गेला तर लोक चालते फोन बदलतील. दुकानात शेजारी शेजारी ठेवून. वारशासकट. मग नव्या फोनवर त्यांना काय कळणार?"

बोकारे ते पान बघायला पुढे वाकले.

"वारसा मिळालेली माणसं आजही आहेत," काझी पुढे म्हणाल्या. "तुमच्या उद्योगातली. चाचणी परवान्यावर हवा तेव्हा फोन बदलणारी. ती या फाइलमध्ये एकही नाहीत."

"पक्षपात नको म्हणून वगळली."

"तुमच्याकडे तो परवाना आहे ना?" देवतळेबाई जागेवर परतत म्हणाल्या. "कितवा फोन हा?"

"चौदावा. का?"

"चौदाही वारशाने?"

"अर्थात. माझीच पद्धत मी वापरणार नाही?"

देवतळेबाईंनी कोरा फोन पुसला, त्यातला आपला मजकूर खोडला आणि टेबलावरून त्यांच्याकडे ढकलला. "बसा."

बोकारे हसले. "मी अठ्ठावन्नचा आहे, ताई. मला काही झालेलं नाही."

"अकराच्या आत आलात तर कायदा मागे घ्यावा असं मी स्वतः लिहून देते. तसनीम साक्षीला आहे."

बोकारेंनी बाह्या सारल्या आणि ते झपाझप लिहू लागले. भराभर लिहिण्याचा त्यांना अभिमान होता. तिसऱ्या शब्दाशी ते अडखळले, पुढे गेले, मागे आले. पडद्यावर काय उमटतंय ते बघून त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"चष्मा बदलायला हवा," ते म्हणाले.

"पूर्ण करा," देवतळेबाई म्हणाल्या.

काझींनी दोनदा मोजलं. "सव्वीस."

"पडदा खराब आहे."

"तुम्हीच आणलेला आहे."

बोकारेंनी तो खोडून पुन्हा लिहिला. सावकाश, दात आवळून. या वेळी सत्तावीस.

"तुमचा फोन द्या, सर," काझी हळू आवाजात म्हणाल्या. "तक्ता बघू या. सुरुवात कधी झाली ते कळलं तर डॉक्टरांना उपयोग होईल."

बोकारेंनी फोन दिला. सील तुटायची वाट बघताना त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली ठेवले होते. पडद्यावर रेघ आली. ती आखूड होती, अकरा महिन्यांची. शून्यापासून निघून ती जवळजवळ आडवीच संपली होती.

"बघा," बोकारे म्हणाले. "काहीही नाही!"

त्यांच्या तोंडून शब्द गेले आणि मग त्यांचा त्यांनाच अर्थ लागला. ते शून्य त्यांनीच बांधलं होतं. वारसा नव्या पडद्याच्या मूळ मापनात मिसळून जावा, पुन्हा वेगळा काढता येऊ नये, दुधात पाणी मिसळावं तसा, यासाठी त्यांनी दोन वर्षं खर्ची घातली होती. मालकाचा नेम जितका ढळलेला असेल, तोच नव्या फोनला सरळ वाटायचा, आणि त्या फोनची मोजणी तिथून सुरू व्हायची.

"आधीचे तेरा कुठे आहेत?" काझींनी विचारलं. "त्यांच्यात तुकडे मिळतील. जोडून बघता येईल."

"वारसा झाला की जुना फोन भुगाभट्टीत जातो. परवान्याची अट आहे."

"तीन वर्षं झाली की दहा, हे मग सांगता येणार नाही," काझी म्हणाल्या.

देवतळेबाईंनी आपला जुना, कडा झिजलेला फोन उचलून पर्समध्ये ठेवला. त्यांना वाटलं होतं की या क्षणी आनंद होईल. झाला नाही, पण मनातली कटुताही गेली नाही.

"चौदा फोन, बोकारे," त्या म्हणाल्या. "त्यातला एक तरी ठेवायचा होता."

काझींनी टिपणाचं पान ओढलं. कायदा राहील. कलम चौदा बदलेल, मालकाला आपली रेघ बघता येईल. वारसा बंद. एवढं लिहून त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांचा नंबर दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवला. एक देवतळेबाईंना दिली. दुसरी घ्यायला बोकारेंचा हात पुढे आला नाही.

त्यांनी टेबलावरचा आपला फोन ओढून घेतला होता आणि ते लिहीत होते. तीच सूचना, पाण्याच्या टाकीची. बोटं भराभर चालत होती, कुठेही अडखळत नव्हती. पूर्ण झाल्यावर त्यांनी फोन दोघींच्या समोर धरला.

"वाचा," ते म्हणाले. "वाचा ना. मोजा!"

काझींनी वाचलं आणि मोजलं. शंभरच्या शंभर अक्षरं बरोबर होती.