सरांचा शेवटचा फळा

"आधी पुरावा, मग अनुमान," उत्कर्षा म्हणाली. "सर काय सांगायचे?"

"सर सांगायचे, समाधान, तोंड मीट," समाधान म्हणाला. अक्षता हसली आणि लगेच फळ्याकडे वळली.

हडपसरच्या त्यांच्या समाजमंदिरात कचरू सर दर सुट्टीत मुलांना व्याकरण शिकवत. यंदा सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात सर वारले. फळ्यावर त्यांचा शेवटचा धडा तेवढा उरला. क्रियापदांची मुळं, म्हणजे धातू: जा, ये, बस, लिही. आता तीही अक्षरं रोज थोडी थोडी पुसट होत होती. समाजमंदिराचे सचिव संपतकाका बजावून गेले होते, "हा चावटपणा कोणाचा, ते उद्या सकाळपर्यंत कळू दे. नाहीतर खोलीला कुलूप आणि फळ्यावर रंग."

उत्कर्षाने फळ्याला जवळजवळ नाकच लावलं. डस्टर खिळ्याला होतं तसं लटकत होतं.

"फडकं फिरलं असतं तर सगळंच गेलं असतं," ती म्हणाली. "हे बोट आहे. अक्षराच्या वळणावळणाने फिरलेलं."

"म्हणजे कोणाचं?"

"तेच तर कळत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं खुर्च्यांच्या थप्पीमागे दबा धरून बसली. दार करकरलं. सरांच्या पत्नी, चंपाआजी, आत आल्या. त्यांनी 'ये'वर बोट ठेवलं आणि शेवटाकडून सुरुवातीकडे सावकाश फिरवलं.

कोणी पुसत नव्हतं. आजी गिरवत होत्या.

समाधानच्या धक्क्याने खुर्ची सरकली. आजींनी दचकून हात पदराआड घेतला.

"कोणाला सांगू नका रे," त्या म्हणाल्या. "साऱ्या वस्तीला शिकवलं त्यांनी. मला म्हणायचे, पुढच्या सुट्टीत. मास्तरांची बायको अडाणी, म्हणून लोक त्यांनाच हसतील."

आजी गेल्या, तोच संपतकाका कुलूप घेऊन हजर झाले. "लागला छडा?"

नाव सांगितलं की फळा वाचणार होता. उत्कर्षाने एकदा सरांच्या अक्षराकडे पाहून घेतलं.

"आम्हीच पुसत होतो, काका."

काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. निदान खरं तरी बोललीस. पण शिकणारेच पुसत असतील, तर फळा ठेवायचा कशाला?" मग त्यांनी कुलूप लावलं. दुपारी रंगारी आले.

त्याच दुपारी उत्कर्षा चंपाआजींच्या घरी पाटी घेऊन बसली. तिने 'बस' लिहिलं. आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"त्यांचं असं नव्हतं."

"नाही, आजी. हे माझं अक्षर आहे."

आजींनी डोळे टिपले. मग पाटी मांडीवर ओढली आणि बोट टेकवलं.