बाबांची चौतीस इंची कंबर

तब्येतीच्या तपासणीत हिरवा दिवा लागला आणि चार्वीच्या बाबांनी खुशीत टाळीच वाजवली. समुद्राच्या तळाशी नवी वसाहत उभी राहत होती. तिथे वर्षभर वेल्डर म्हणून जायचं, याचा त्यांनी ध्यासच घेतला होता. पाणबुडी संध्याकाळी सुटणार होती. त्यांचे जोडीदार, टोंगा बेटांवरचे सियोनेकाका, यांना मात्र लाल दिवा!

चार्वीचा जीव काही थाऱ्यावर राहीना. सियोनेकाका बोटीचा अवजड नांगर सहज उचलायचे, आणि बाबांना दोन जिने चढले की धाप लागायची. हल्ली ते घटाघट पाणीही प्यायचे. आजोबांचंही असंच सुरू झालं होतं, आणि पुढे साखरेपायी त्यांचा पाय गेला. ती धक्क्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तपासणी करणाऱ्या यंत्रमानवासमोर उभी राहिली. त्याला सगळे मापाडी म्हणत.

"मापाड्या, तुझं गणित चुकलंय!"

"गणित बरोबर आहे," मापाडी म्हणाला. "मी देहभारांक (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) काढतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. बाबांचा आला चोवीस, सियोनेंचा तीस. पंचवीसच्या पुढे धोका."

"पण वजन कशाचं? हाडांचं, स्नायूंचं की चरबीचं?"

"ते या आकड्याला कळत नाही," मापाड्याने कबूल केलं. "आणि पंचवीसची रेघ दूरदेशीच्या लोकांना मापून आखलेली. बेटांवरच्या बऱ्याच लोकांची हाडं-स्नायूच भारी असतात. तुमच्याकडे हातपाय काटकुळे, पण चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठते. म्हणून तुमच्यासाठी रेघ तेवीसवर हवी. अर्थात ही झाली सरासरी. माणूस ज्याचा त्याने मापावा. म्हणून मी कंबरही विचारतो. साडेपस्तीस इंचांच्या आत हवी. बाबा चौतीस म्हणाले."

"अरे देवा! तो पँटचा नंबर आहे! बाबा पट्टा पोटाच्या खाली बांधतात!"

"कार्टे, गप्प बस," सियोनेकाकांसोबत तिथे आलेले बाबा ओरडले. "पाणबुडी निघेल!"

पण मापाड्याने टेप काढलीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. बाबांनी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा," मापाडी म्हणाला.

अडतीस! मग दोघांचं रक्त तपासलं. सियोनेकाकांचं ठणठणीत होतं, त्यांचा दिवा हिरवा झाला. बाबांची साखर वाढलेली होती, त्यांचा दिवा लाल झाला.

"आता सगळ्यांच्या रेघा तपासून घेतो," मापाडी म्हणाला. बाबांनी ते ऐकलंच नाही. ते धक्क्यावर पाठ फिरवून बसले. सियोनेकाका हात हलवत पाणबुडीत शिरले, तिच्यावर पाणी मिटलं, तरी बाबा वळून बघेनात. चार्वीला रडूच फुटलं.

"बाबा, मीच तुम्हाला अडवलं."

"आजोबांना वेळेवर टेप कुणी लावलीच नाही गं," बाबा म्हणाले. "पुढच्या पाणबुडीपर्यंत साखर येईल ना ताब्यात?"

"येईल की! रोज चालायचं, आणि पोळ्यांवर तूप बेतानं."

बाबा उठले. दोन्ही हातांनी त्यांनी पँट बेंबीपर्यंत ओढली. बटण काही केल्या लागेना.

"ही माझी खरी कंबर," ते म्हणाले. "चल, घरी चालतच जाऊ."